गाडीचा ऐब

आमचा धंदा बेकरीच्या मालाचा. पाव, टोस्ट, खारी, बटर पहाटे गाडीत भरायचे आणि वर्ध्याहून सेवाग्राम, देवळी, पुलगाव असे पोहोचवत जायचे. सेवाग्रामच्या दवाखान्यासमोर रुग्णांचे नातेवाईक उजाडायच्या आत चहाला उभे असतात. त्यांच्या हातात पाव पडायचा तर माझी गाडी साडेचारला सुरू झालीच पाहिजे.

त्या वर्षी रमजानमध्ये नेमकी तीच अडली. किल्ली फिरवली की आतून नुसते 'घर्र' व्हायचे, इंजिन मात्र हलायचे नाही. मग दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा आणि मुलांनी मागून धक्का मारायचा. मोहल्ल्यातली माणसे सहरीला उठलेलीच असत, तीही हात लावायला येत. शेजारचे एक बुजुर्ग हसून म्हणाले, "बेटा, आता सहरीला उठवायला तुझी गाडीच पुरे." मीही हसलो, पण आतून जीव जळत होता. धक्क्याने रोज चालायला ती काही हातगाडी नव्हती.

आधी बॅटरीवर संशय घेतला. ती चांगली निघाली. किल्ली फिरवल्यावर नुसते 'टक्' होऊन सगळे थांबत असेल, तर बॅटरी, तिचे टर्मिनल, अर्थिंगची केबल किंवा सेल्फवरचा सोलेनॉइड पाहायचा. आमच्या गाडीत तर सेल्फ जोरात फिरत होता. मग कोणी म्हणाले बेंडिक्स गेला, कोणी म्हणाले सेल्फच बदला. मी सेल्फ बदलला. दोन आठवडे गाडी ठीक चालली आणि पुन्हा तेच. नव्या सेल्फच्या गिअरचे दातही झिजलेले निघाले.

शेवटी एका तरुण मिस्त्रीकडे गेलो. त्याने आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली, कारण सेल्फला जाणाऱ्या जाड केबलमध्ये कायम करंट असतो. मग सेल्फ उतरवला, त्या भोकातून टॉर्च मारला आणि पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवू लागला. मला म्हणाला, "चाचा, इकडं या. स्वतः पाहा."

आत फ्लायव्हीलच्या कडेला बसवलेली दातांची पोलादी रिंग दिसत होती. सेल्फचा छोटा गिअर पुढे सरकून याच दातांत अडकतो आणि इंजिनाला पहिला फेरा देतो. इंजिन बंद होताना कुठेही थांबत नाही. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तिथे त्याला अडथळा होतो. चार सिलिंडरच्या इंजिनात असे अडखळणे अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याला येते, म्हणून ते बहुतेक वेळा समोरासमोरच्या दोनच जागांवर थांबते. रोज त्याच जागी सेल्फचा मार बसतो आणि तिथलेच दात झिजतात. म्हणूनच गाडी गिअरमध्ये टाकून जराशी ढकलली की रिंग पुढे सरकते, चांगले दात समोर येतात आणि सेल्फ इंजिन उचलतो. पण तो इलाज नव्हे, आजची वेळ निभावण्याची युक्ती आहे.

मिस्त्री पुली फिरवत होता आणि मी मोजत होतो. झिजलेल्या जागा दोन नव्हत्या, चार होत्या.

"हे पहिलेच कोणीतरी खोललं होतं चाचा," तो म्हणाला. "जुनी रिंग काढून पाव फेरा फिरवून बसवली न्. नवे दात समोर आले, गाडी चालू झाली, अन् तुम्हाले देऊन टाकली."

मला गाडी घेतली तो दिवस आठवला. विकणाऱ्याने एका किल्लीत सुरू करून दाखवली होती. मी विचारले होते, "काही खराबी?" तो म्हणाला होता, "चालू गाडी आहे, बघून घ्या." त्या दिवशी गॅरेजमध्ये रोजा असूनही माझी जीभ आवरली नाही. त्याला नाही नाही ते बोललो.

नवी रिंग घालायची तर गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळे उतरवावे लागणार होते. ईद तोंडावर, उधारी अडकलेली. मी म्हणालो, दातांवर वेल्डिंग भरून कानसीने आकार दे. मिस्त्री नको म्हणत होता. वेल्डिंगच्या उष्णतेने दाताचा कडकपणा जातो, तो फार टिकत नाही. मी हट्ट धरला. गाडी सुरू झाली आणि ईद पार पडली.

पावसाळ्यानंतर मोठी गाडी घ्यायचे ठरले आणि ही विकायला काढली. हिंगणघाटकडचा एक तरुण आला. अंड्यांचा धंदा सुरू करायचा होता, आईचे दागिने गहाण ठेवून आला होता. त्याने किल्ली फिरवली, गाडी एका दमात सुरू झाली. त्याने विचारले, "चाचा, काही खराबी?"

माझ्या तोंडून निघाले, "चालू गाडी आहे, बघून घ्या."

तो बयाणा देऊन गेला. मी इशाची नमाज पढलो, पण चित्त थाऱ्यावर नव्हते. मदीनेच्या बाजारातला तो प्रसंग आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. पाऊस पडला होता, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. त्या विक्रेत्याने पाऊस पाडला नव्हता. माझ्या गाडीची रिंगही मी झिजवली नव्हती. पण ओल झाकली होती ती मीच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ त्या पोराच्या आईच्या दागिन्यांवर झाकलेली होती.

सकाळी त्याला फोन करून सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आता मी काय करू?" मी म्हणालो, "बयाणा परत घे, नाहीतर माझ्या खर्चाने नवी रिंग बसवतो, तू समोर उभा राहा."

तो आला. गिअरबॉक्स उतरला. लेथवाल्याने जुनी रिंग कापून काढली. नवी रिंग तापवली, पण लाल होऊ दिली नाही, कारण लाल झाली तर दात नरम पडतात. तापून फुगलेली रिंग फ्लायव्हीलवर अलगद बसली आणि थंड होताच आवळून घट्ट झाली. दातांची उतरती कड सेल्फच्या बाजूला आहे ना, ते मिस्त्रीने दोनदा पाहिले. झिजलेल्या गिअरचा सेल्फही दुरुस्त केला. क्रँकचे मागचे ऑइल सील गळत होते, तेही बदलले. सगळा खर्च ११ हजारांच्या वर गेला. ठरलेल्या किमतीत एक रुपया वाढवला नाही.

बायकोला हिशोब सांगितला. ती म्हणाली, "ईदच्या आधी केलं असतं, तर इतकंच लागलं असतं. वरून आपलीच गाडी सहा महिने नीट चालली असती." याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

जुनी गाडी घेणाऱ्यांना एवढेच सांगतो: एकदा सुरू झाली म्हणून खूश होऊ नका. थंड इंजिन आठ-दहा वेळा बंद करून सुरू करा आणि कान देऊन ऐका. घासल्यासारखा आवाज एकदा जरी आला, तरी सेल्फ उतरवून रिंग पाहा. आणि विकणाऱ्यांना सांगायचा मला फारसा हक्क नाही. पण "बघून घ्या" म्हणण्याआधी आपण काय पाहिले आहे, ते सांगून टाकावे.

ज्याने मला गाडी विकली, त्याला मी आता शिव्या देत नाही. तेव्हा त्याच्यावर काय वेळ होती, कुणास ठाऊक. मी मात्र त्याच्याच शब्दांत बोललो होतो. अल्लाह त्यालाही माफ करो, मलाही.