बिनतारी

आमच्या वाशीमच्या घरीं रविवारची सायंकाळ गेलीं तीन वर्षें एकाच कामासाठीं राखून ठेविलेली आहे. सात वाजले कीं माजघरांत चौरंगावर लॅपटॉप मांडावयाचा, भोंवतीं घरांतील लहानमोठीं अकरा माणसें बसावयाचीं, आणि म्यूनिकला शिकावयास गेलेल्या आमच्या पुतणीशीं बोलावयाचें. आपले सात म्हणजे तिकडचे, हिंवाळ्यांत, दुपारचे अडीच. बोलण्याचा पहिला मान अर्थातच नानांचा. नाना म्हणजे आमचे तीर्थरूप. वय वर्षें चौऱ्याऐंशी. ही नात त्यांच्या मांडीवर बसून अक्षरें गिरविण्यास शिकलेली.

नानांचे कान गेलीं कांहीं वर्षें मंद झाले आहेत. म्हणून गेल्या दिवाळींत पुतणीनें आपल्या शिष्यवृत्तींतून पैसे वांचवून एक चांगला बिनतारी हेडफोन पाठविला. पहिल्याच दिवशीं तो चढवून नानांनीं लॅपटॉपवर भीमसेन जोशींचा अभंग ऐकला. डोळे मिटून बसले होते. अभंग संपल्यावर म्हणाले, "मागचा तंबोरासुद्धां ऐकूं आला रे!" त्या दिवशीं घरांत जणूं दुसरी दिवाळी झाली.

रविवारीं मात्र निराळाच प्रकार होऊं लागला. हेडफोन लावला कीं आवाज एकट्या नानांच्या कानांत; आम्हांला पुतणीचा चेहरा तेवढा दिसे. नाना म्हणत, "यंदा पाऊस बरा झाला," आणि तिचा चेहरा गोंधळलेला. मागाहून कळे कीं तिनें जेवणाचें विचारलें होतें. पुढें पुढें नाना नुसतें "हो, हो" म्हणूं लागले. आणि पौष लागल्यापासून तर रविवारीं साडेसहालाच काठी घेऊन बालाजीच्या देवळाकडे निघूं लागले. "तुम्हीच बोला, मला काय, देवदर्शन होतें." घरांत कोणीतरी म्हटलें—कोणीं तें सांगत नाहीं, कारण हें मासिक आमच्या घरीं सर्वजण वाचतात—कीं, "मामंजींना अभंग ऐकूं येतो, नात तेवढी ऐकूं येत नाहीं. ऐकावयाचें असतें तेंच ऐकूं येतें." आम्हींही मान डोलाविली, हें लपवून उपयोग नाहीं.

माघांत एके दिवशीं तो हेडफोन लॅपटॉपशीं जुळेचना. विद्युत्कोश भरलेला, लॅपटॉपचें ब्लूटूथ चालू, यादींत हेडफोनचें नांवही दिसे. पण जोडावयास गेलें कीं नकार. आम्हीं लॅपटॉप बंद करून उघडला. यादींतून नांव पुसून पुन्हां ओळख करून दिली. एकाच वेळीं चार बटणें दाबून पाहिलीं. शेवटीं नाना खुर्ची ओढून जवळ येऊन बसले.

नानांची सारी हयात तारखात्यांत गेली. कारंजा, रिसोड, मंगरूळपीर आणि शेवटीं वाशीम. हा सारा मुलूख तेव्हां अकोला जिल्ह्यांत होता. वाशीम जिल्हा १९९८ सालीं झाला. जुलै २०१३ मध्यें तारसेवा बंद झाली त्या रात्रीं नाना जेवले नव्हते. ते म्हणाले, "तार तुटली तर सबंध रस्ता चालत जावयाचें नसतें. मधल्या ठाण्यास हांक मारावी. उत्तर आलें तर दोष पलीकडे, न आलें तर अलीकडे. मग उरलेल्याचे पुन्हां दोन भाग. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार बदलल्या तर दोष गेला तरी कोठें होता तें कळत नाहीं."

त्याप्रमाणें केलें. लॅपटॉपला दुसरा बिनतारी ध्वनिवर्धक जोडून पाहिला, तत्काळ जुळला. म्हणजे लॅपटॉप निर्दोष. हेडफोन आमच्या मोबाइलशीं जोडूं गेलों, जुळेना. म्हणजे दोष हेडफोनकडे. मग त्याच्यावरचा निळा दिवा नीट पाहिला. तो शोध घेतांना लुकलुकतो, जुळल्यावर स्थिर राहतो, आणि येथें तर तो स्थिर होता! तो कोणाशीं तरी आधींच जुळून बसला होता. माडीवर धाकटा पुतण्या अभ्यास करीत होता. आदल्या रात्रीं क्रिकेटचें समालोचन ऐकण्यासाठीं त्यानें आपल्या मोबाइलला तो जोडला होता. हीं यंत्रें गाईसारखीं. ज्या गोठ्यांत शेवटचा चारा मिळाला तेथें आपण होऊन जातात. पुतण्याच्या मोबाइलचें ब्लूटूथ बंद करतांच हेडफोन मुकाट्यानें लॅपटॉपकडे आला.

ब्लूटूथ हें नांव दहाव्या शतकांतील डेन्मार्कचा राजा हॅरल्ड याच्या टोपणनांवावरून आलें. अर्थ 'निळा दांत'. स्वीडनच्या एरिक्सन कंपनींत १९९४ सालीं या कामास आरंभ झाला. त्याच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यांतून जातात तो म्हणजे गांवचें गायरानच आहे. आपल्याकडे २००५ पासून तो परवान्यावांचून वापरतां येतो. (घरीं रेडिओ ठेवण्यासही पोस्टांतून परवाना काढावा लागे ते दिवस नाना अजून सांगतात.) त्यामुळें वायफाय तेथें, माउस तेथें, आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टीची गळतीही तेथेंच. या गर्दींतून वाट काढण्यासाठीं ब्लूटूथ ७९ वाटांवरून सेकंदास १,६०० उड्या मारीत जातें. तरीही वहिनींनीं दूध तापत ठेवलें कीं आमच्या माजघरांत आवाज तुटतो.

हेडफोन जुळला, अभंग लागला, आणि आम्हीं विजयी मुद्रेनें नानांकडे पाहिलें. नाना म्हणाले, "गाण्यांत दोष कधींच नव्हता. दोष बोलण्यांत आहे. विहिरींतून कोणी बोलावें तसें येतें."

"मग इतके दिवस सांगितलें कां नाहीं?"

"पोरीनें पोटाला चिमटा घेऊन पाठविला. तिला कळलें तर वाईट वाटेल. शिवाय कान गेले म्हणतां, तेंही खरेंच कीं."

आम्हांला कांहीं बोलवेना. पुतण्याला माडीवरून मोबाइलवर बोलावयास लावून आम्हीं स्वतः हेडफोन चढविला. खरोखरच विहीर! शब्दांचे स्वर तेवढे पोंचत. 'स', 'श', 'फ' जणूं कोणीं खरवडून काढलेले. तीन महिन्यांत एकदांही आम्हीं तो बोलण्याच्या वेळीं कानाला लावून पाहिला नव्हता. पडद्यावर 'जोडलें गेलें' अशीं अक्षरें उमटत आणि तीं आम्हांस पुरेशीं वाटत.

कारण पुढें उमगलें. हेडफोन दोन रीतींनीं काम करतो. गाणें ऐकतांना आवाज एकाच दिशेनें वाहतो, तेव्हां सारी वाट त्याला मोकळी. परंतु संभाषण सुरू झालें कीं लॅपटॉप हेडफोनमधला माइकही मागतो. मग त्याच अरुंद वाटेनें जा-ये दोन्ही होऊं लागते, आणि आवाज जुन्या टेलिफोनच्या मापाला कापला जातो. टेलिफोनचें माप सुमारें ३०० ते ३,४०० हर्ट्झ. निरोगी तरुण कान वीस हजारांपर्यंत ऐकतो. तरुणास या कापाकापीचें फारसें कांहीं वाटत नाहीं. वार्धक्यांत मात्र वरचे सूक्ष्म ध्वनि आधींच क्षीण झालेले असतात, आणि उरलेसुरले यंत्र छाटून टाकतें. 'एलई ऑडिओ' जातीच्या नव्या यंत्रांत ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. आमचीं त्या जातीचीं नव्हेत.

उपाय मात्र दोन मिनिटांचा निघाला. लॅपटॉपच्या ध्वनीच्या मांडणींत ऐकण्यासाठीं हेडफोनच्या दोन नांवांपैकीं 'हँड्स-फ्री' नव्हे तर 'स्टिरिओ' निवडावयाचें, आणि बोलण्यासाठीं हेडफोनचा माइक सोडून लॅपटॉपचा स्वतःचा घ्यावयाचा. बोलण्याच्या कार्यक्रमांतही तीच निवड करावी लागते; नाहींतर तो गुपचूप जुन्यावर जातो. एवढें झालें कीं हेडफोनला फक्त ऐकविण्याचें काम उरतें.

पुढच्या रविवारीं नाना देवळांत जाऊन सहालाच परत आले, आणि धुतलेलें धोतर नेसून लॅपटॉपपुढें बसले. पुतणी दिसूं लागली. तिनें कांहीं म्हटलें. नानांनीं मान किंचित् तिरपी केली आणि विचारलें, "तुला सर्दी झाली आहे काय ग?"

तिचें उत्तर आम्हांला ऐकूं येण्याचा प्रश्नच नव्हता. नानांनींच वळून सांगितलें, "चार दिवसांपासून आहे म्हणते. कोणाच्या लक्षांत आलें नाहीं म्हणते." वहिनी, म्हणजे तिची आई, शेजारींच बसल्या होत्या. त्या चटकन् उठल्या आणि आंत जाऊन भट्टीचें बटण बंद करून आल्या. दूध त्या दिवशीं गॅसवर तापलें. आणि आलें, तुळस व गवती चहा यांचें प्रमाण नातीला समजावून देण्यांत नानांचा पाऊण तास गेला.