पेटीला बंदी होती तेव्हा

मिरजेला पहाटे गाडीतून उतरलो आणि चहाच्या टपरीवर कुणाच्या तरी मोबाइलमधून आकाशवाणीची धून ऐकू आली. तेच तानपुऱ्यावर तरंगणारं व्हायोलिन. मला आधी आठवला तो माझ्या आजोबांचा, आबांचा, डावा हात, पेटीचा भाता मारणारा.

आमच्या घरातला दिवस रेडिओने वाटून दिलेला असे. भक्तिगीतं संपेपर्यंत बंबातलं पाणी तापायचं. सात पाचच्या प्रादेशिक बातम्यांना वडिलांची दाढी. दुपारचं वनिता मंडळ आजीचं, संध्याकाळचे बाजारभाव शेजारच्या पाटीलकाकांचे. ते त्यासाठी अंगणात येऊन बसत. आणि शनिवारची रात्र आबांची, कारण तेव्हा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम लागायचा.

आबा रेडिओशेजारी सतरंजीवर पेटी घेऊन बसायचे. गायकाला तंबोरे असत, तबला असे, बहुतेक वेळा सारंगी असे. पेटी नसे. मग आबा इथे मिरजेत बसून त्याला साथ करत. भाता अगदी थोडा उघडायचा, गाण्याच्या अर्धं पाऊल मागे राहायचं, तान आली की थांबायचं. गायकाचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्ये सापडला, तर पेटी बाजूला सारून नुसतं ऐकायचं. त्या शनिवारी घरात कुणी त्यांच्याशी बोलत नसे.

पेटीवर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली होती. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळणाऱ्या जॉन फोल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध लिहिलं, रवींद्रनाथांनाही ती खपत नव्हती. तिचे स्वर बांधलेले, तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत, असे आक्षेप होते. ते खोटे नव्हते, आबांनाही मान्य होते. पण गोविंदराव टेंब्यांची पेटी ज्यांनी ऐकली त्यांना हे पुरेसं कसं वाटावं? 'मानापमान'ला १९११ साली चाली देणारा माणूस पेटीवरच वाढलेला. निम्मी मराठी रंगभूमी ऑर्गन-पेटीच्या आधाराने गायली. बंदी १९७१ साली सैल झाली, तीही साथीपुरती. तोवर आबांचे हात थरथरायला लागले होते. त्या एकतीस वर्षांबद्दल मला आजही राग आहे, आणि तो जावा असं वाटत नाही.

ती पहाटेची धून ज्यांच्या नावावर सांगितली जाते ते वॉल्टर कॉफमन ज्यू होते, नाझींच्या भयाने १९३४ साली मुंबईत आले, पुढे आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीत पाहू लागले. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला, परक्या मुलखातून आलेल्या व्हायोलिनला आकाशवाणीच्या घराने दार उघडलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पेटीही तशीच बाहेरून आलेली. तिलाच का उंबऱ्याबाहेर ठेवलं?

पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक असं गीतरामायण गेलं, तेव्हाही बंदी होतीच. आबांनी त्यातली गाणी रेडिओवर ऐकून बसवली. पुढे बाबूजींना, सुधीर फडक्यांना, मंचावर समोर पेटी घेऊन गाताना पाहिलं, तेव्हा आबा सबंध कार्यक्रमभर गायकाच्या चेहऱ्याकडे न बघता त्यांच्या बोटांकडे बघत होते.

टपरीवरून घरी पोचेपर्यंत मात्र आबा मागे पडले आणि आजी पुढे आली. वनिता मंडळात एखादं भावगीत लागलं की ती स्वयंपाकघरातून त्याच्याबरोबर गायची. पूर्ण गायची, अंतऱ्यासकट. बाहेर आबा आडवे झालेले असत, पेटी कोनाड्यात झाकलेली. दूरच्या दिल्लीत गाणाऱ्याला साथ करणारा माणूस दहा पावलांवरच्या गाण्यासाठी कधी उठून बसला नाही. तिनेही कधी म्हटलं नाही. आबांच्या वाटची तक्रार मी आजवर चौघांत मांडत आलो, आजीच्या वाटची कुणीच मांडली नाही.

आत्याला विचारलं, आजीला सूर कळायचा का गं?

"कळायचा म्हणजे? काळी पाच," आत्या म्हणाली. "मी क्लासला जायला लागले तेव्हा पेटीवर लावून बघितला होता. आबा पंढरपूरला गेले होते तेव्हा. त्या चार दिवसांत रोज दुपारी गायली ती, मी वाजवत होते."