कावळ्याची वेळ

पिंडाला शिवावा म्हणून कावळ्याची विनवणी करणारे आपण एरवी त्याला हाकलतो. आई गेल्यावर लोणावळ्याच्या घरात मला सकाळ नकोशी झाली. तिने कधी न चुकविलेला काकबळी मी कठड्यावर ठेवू लागलो. डोमकावळा कित्येक दिवस छपरावरूनच न्याहाळीत असे. कावळे माणसांचे चेहरे लक्षात ठेवतात, हे सिएटलच्या संशोधकांनी मुखवटे घालून दाखविले आहे. पुढे तो ठरल्या वेळी येऊ लागला. म्हणून मीही ठरल्या वेळी उठू लागलो.

आपणही ही मैत्री करावी. वडा-वेफर्स नकोत, साधी पोळी, पाणी पुरे. स्पर्श टाळावा, हात धुवावेत. २०२१ मध्ये दापोलीतील मृत कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला होता. मृत पक्ष्याची खबर पशुवैद्यकीय दवाखान्यास द्यावी.

एकाकी रुग्णाला मी आता आवर्जून विचारतो, ‘सकाळी तुमची वाट कोण पाहते?’