अंगठा आणि सही

शेताच्या बांधाचा आमचा दावा पारनेरच्या दिवाणी न्यायालयात बरीच वर्षे चालला. निकाल लागला त्या दिवशी मी हजर होतो. हुकूम माझ्या कानांनी ऐकला. दुसऱ्या दिवशी वकिलांच्या कारकुनाने दिलेला टाईप केलेला कागद घेऊन सुप्याच्या तलाठ्यांकडे गेलो. त्यांनी तो उलटसुलट पाहून परत दिला. "चाचा, यावर ना सही, ना शिक्का. खरी नक्कल आणा."

मला राग आला. निकाल भर कोर्टात वाचला गेला, मग सहीवाचून काय अडले?

वकीलसाहेबांनी समजावले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या विसाव्या आदेशातील तिसरा नियम सांगतो की, निकाल देताना न्यायाधीशाने उघड न्यायालयात त्यावर तारीख घालून सही करावी. एकदा सही झाली की पुनर्विलोकन किंवा लेखनातली, आकडेमोडीतली चूक सोडली, तर त्याला स्वतःलाही त्यात बदल करता येत नाही. सहीपूर्वीचा कागद म्हणजे मसुदा. तो कुणीही टाईप करू शकतो. मूळ निकालावर न्यायाधीशाची सही असते आणि खऱ्या नकलेवर नक्कल देणाऱ्या अधिकाऱ्याची सही व शिक्का. तलाठ्याला एवढाच पुरावा चालतो.

"पण नुसती सहीही पुरत नाही," असे म्हणून त्यांनी सुरेंद्र सिंग खटल्याची हकिकत सांगितली. लखनौला दोन न्यायमूर्तींनी एका खुनाच्या खटल्यातील अपील ऐकले. त्यांपैकी न्या. किदवाई निकालावर सही करून, तो जाहीर होण्यापूर्वीच वारले. दुसऱ्या न्यायमूर्तींनी पुढे तो जाहीर केला. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द ठरवून अपील पुन्हा ऐकायला लावले. निकालपत्र लिहिणारे न्या. विवियन बोस पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांचे म्हणणे असे की, निकाल जाहीर होईपर्यंत न्यायाधीश आपले मत बदलू शकतो; म्हणून जाहीर करण्याच्या क्षणी तो हयात आणि त्या मतावर कायम असला पाहिजे. सही आहे, पण तिच्यामागे उभा राहणारा माणूस नाही, तर ती नुसती शाई.

हे वाक्य डोक्यात घेऊनच घरी आलो. नकलेच्या अर्जासाठी जुने कागद हवे होते, म्हणून मरहूम अब्बांची पेटी उघडली. तळाशी हक्कसोडीचा एक कागद निघाला. 'मजकूर वाचून दाखवला, समजला, मान्य आहे' आणि खाली फुफीचा अंगठा. त्या दिवशी मी तिथेच होतो, शाळकरी पोर. कुणीही काही वाचून दाखवले नव्हते.

फुफी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. विचारले, तर सहज म्हणाल्या, "भाईजान बोले अंगूठा लगा, मैं लगाई."

सूरह निसामध्ये अल्लाहने स्त्रियांचा वारसाहक्क ठरवून दिला आहे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याचा लेख कसा करावा ते सांगितले आहे: ज्याच्यावर देणे येते त्यानेच मजकूर सांगावा, त्याला जमत नसेल, तर त्याच्या वलीने न्यायाने सांगावा. म्हणजे ज्याला कागद बांधणार, त्याला तो ठाऊक हवाच. कोर्टाच्या सहीसाठी मी तलाठ्यांशी भांडलो आणि आमच्या घरात एक पोकळ अंगठा इतकी वर्षे पेटीत जपला होता. आखिरतमध्ये हा कागद पुढे आला तर मी काय सांगणार?

खरी नक्कल मिळाली, बांधाचे काम मार्गी लागले. मग भावांना बसवून फुफीच्या हिश्शाचे वाटणीपत्र वकिलांकडून लिहून घेतले. नोंदणीला जाण्यापूर्वी ओळ न ओळ त्यांना वाचून दाखवली. 'भावाच्या मुलांनी राजीखुशीने दिले' या शब्दांवर त्यांनी हात वर केला.

"राजीखुशी कायकू? मेरा हक है ना?"

ते शब्द काढून मसुदा पुन्हा टाईप केला. फुफीने तो पुन्हा पूर्ण ऐकला, आणि मगच पारनेरला दुय्यम निबंधकांसमोर अंगठा दिला.