भरपाई भाड्याची मिळते, हंगामाची नाही



आज फवारणी, खत, बाजारभाव यातलं काही नाही. आज पार्सलवर लिहितो. गेल्या दोन-चार वर्षांत आपल्या शेतीत पार्सल किती शिरलंय बघा. बियाणं पार्सलनं येतं, ठिबकचे फिल्टर येतात, मोबाईल स्टार्टरचं कार्ड येतं, ब्लोअरचे स्पेअर येतात. आणि आपला बेदाणा, हळद, काकवीसुद्धा पार्सलनंच पुण्या-मुंबईला जाते. शहरातल्या माणसाचं पार्सल फुटलं तर तो दुसरं मागवतो. आपलं फुटलं तर दुसरं येईपर्यंत पिकाची वेळ टळलेली असते. आपल्या नुकसानीत आणि त्यांच्या नुकसानीत हा फरक आहे, आणि तो कुठल्याच फॉर्मवर लिहायला जागा नाही.

गेल्या सालची गोष्ट. ऑक्टोबरची फळछाटणी होऊन बागेला तिसावा दिवस होता. दोडा अवस्था संपून माल फुलोऱ्याकडे निघालेला. आणि अवकाळी आला. तासगाव भागातल्या बागायतदाराला पुढचं सांगायला नको. रात्री पाऊस, सकाळी दव, दुपारी ढगाळ, म्हणजे दावण्याला आवतणच. अशा वेळी औषध कुठलं मारायचं हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न किती तासांत मारून होतंय हा. आणि नेमका ब्लोअरचा पंप बसला. डायफ्राम फाटलेला, वॉल्व्ह गेलेले, प्रेशर रेग्युलेटर धरत नव्हता. सांगली-मिरजेत चौकशी केली, त्या मॉडेलचं किट नाही. नाशिकच्या डीलरकडं होतं. किंमत ४,६०० रुपये, कुरिअरचं भाडं १८०. पैसे लगेच पाठवले. त्यानं बिल आत घालून संध्याकाळीच बुक केलं आणि पावतीचा फोटो पाठवला. पावतीवर वजन लिहिलेलं : १ किलो २४० ग्रॅम.

तिसऱ्या दिवशी पोरगा खोकं घेऊन फाट्यावर आला. खोक्याला दोन रंगांची चिकटपट्टी. एक डीलरची खाकी, तिच्यावर दुसरी पांढरी. हातात घेतल्या घेतल्या हलकं लागलं. तिथंच किराणा दुकान होतं. म्हणलं, थांब बाबा दोन मिनिटं, उघडायच्या आधी काट्यावर ठेवू. काट्यानं दाखवलं ४३० ग्रॅम. काट्यावरच्या खोक्याचा, पावतीचा आणि त्या दोन रंगांच्या पट्टीचा फोटो काढला. मग दुकानदारासमोर, मोबाईलवर शूटिंग चालू ठेवून खोकं उघडलं. आत डायफ्राम होते. वॉल्व्ह आणि रेग्युलेटर नव्हता. बिल मात्र व्यवस्थित घडी घालून ठेवलेलं!

कुरिअरच्या नंबरला फोन लावला. "सर, आमच्याकडं डिलिव्हर्ड दाखवतंय." मी म्हणलं, खोकं डिलिव्हर्ड आहे, माल नाही. "सर, पार्सल बंद होतं ना?" बंद होतं, पण दुसऱ्यांदा बंद केलेलं होतं. असं चार वेळा, चार वेगवेगळ्या माणसांशी. प्रत्येकाला सुरुवातीपासून सांगायचं, आणि प्रत्येकानं शेवटी म्हणायचं, तक्रार नोंदवली आहे, ७२ तास लागतील.

दावण्या ७२ तास थांबत नसतो.

जुना एचटीपी पंप काढला, दोन गडी बोलावले, नळ्या ओढत गनने फवारणी सुरू केली. दीड एकरातली एक एकर अंधार पडेपर्यंत झाली. राहिलेल्या अर्ध्या एकरात रात्री पुन्हा पाऊस झाला, सकाळी आत पाय ठेवता येईना. दोन दिवसांनी शेजारच्या आबांचा ब्लोअर मिळाला, पण तोवर घडांवर पांढरं आलेलं. त्या अर्ध्या एकरात त्या साली बेदाण्यालासुद्धा धड माल निघाला नाही. ४,६०० च्या किटचं नुकसान किती, असं कुणी विचारलं तर मी त्या अर्ध्या एकराकडं बोट दाखवतो.

आता भरपाईचं. मी दहावी शिकलेला माणूस, पण गावातल्या एका वकील पोराला घेऊन कायदा समजून घेतला. तो तुम्हालाही कळावा म्हणून लिहितो.

खाजगी कुरिअर आणि ट्रान्सपोर्टवाले रस्त्यानं मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यात येतात. त्यात घरपोच पोचवणारी कुरिअर एजन्सीसुद्धा स्पष्ट धरलेली आहे. या कायद्यात आपल्या बाजूची एक गोष्ट आहे. माल हरवला, फुटला किंवा पोचलाच नाही, तर त्यांचा हलगर्जीपणा आपण सिद्ध करत बसायचं नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. पहिली, कोर्टात जायच्या आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. फोनवरची तक्रार म्हणजे नोटीस नव्हे. दुसरी, २०११ च्या नियमांप्रमाणे त्यांची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच, आणि तीही आपण सांगितलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. म्हणजे माझं भाडं १८०, दहापट झाले १,८००. माल ४,६०० चा असो, बाग दीड एकराची असो. जास्त जोखीम त्यांच्यावर टाकायची असेल तर बुकिंगच्या वेळीच जास्त किंमत लिहून जादा दर भरायचा असतो.

मी लेखी नोटीस दिली. वजनाचे फोटो, शूटिंग, पावती, बिल सगळं जोडलं. अडीच महिन्यांनी १,८०० रुपये खात्यावर आले. तोवर घड विरळणी होऊन गेलेली.

पोस्टाचं गणित वेगळं. २००७ च्या त्या कायद्यातून सरकार वगळलेलं आहे. पोस्टाला आधी १८९८ चा कायदा होता. त्यात टपाल हरवलं, उशिरा आलं किंवा खराब झालं तर सरकार जबाबदार नाही, असंच सूत्र होतं. तो इंग्रजाच्या काळातला कायदा जाऊन २०२३ चा नवा आला, १८ जून २०२४ पासून लागू झाला. पण सूत्र तेच राहिलं : नियमात जेवढी जबाबदारी लिहिली असेल तेवढीच. स्पीड पोस्ट हरवलं किंवा आतला माल गेला तर भरलेल्या चार्जच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यात जे कमी असेल ते, हा त्यांचा नियम. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टसुद्धा स्पीड पोस्टमध्येच मिसळलं. किमती वस्तू पोस्टानं पाठवायची असेल तर विमा उतरवूनच पाठवावी.

म्हणजे सरकारी असो की खाजगी, मोजमाप भाड्याचं होतं. खोक्यात काय होतं हे थोडंफार बघतात. ते कशासाठी होतं, हे कुणी बघत नाही.

दुसरा घोळ पत्त्याचा. हा खास आपल्या सातारा-सांगलीचा आहे. पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपल्या मराठी मुलखातलेच, पोस्ट खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांत पहिले तीन म्हणजे टपाल वेगळं करायचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे पोस्ट ऑफिस. पण पोस्टाचा जिल्हा आणि कलेक्टरचा जिल्हा एक नाही. सातारा ४१५००१, कराड ४१५११०. आमच्या सांगली जिल्ह्यातलं विटा ४१५३११, म्हणजे साताऱ्याच्या गटात. तासगाव मात्र ४१६३१२ आणि सांगली ४१६४१६, म्हणजे कोल्हापूरच्या गटात. एवढंच नाही, ४१५ मध्ये रत्नागिरी येते आणि ४१६ मध्ये सावंतवाडी, कुडाळ. त्यात आपल्याकडं वडगाव, शिरगाव, पाडळी ही नावं तालुक्यागणिक. माझ्या मेहुण्यांनी कोरेगावहून वाघ्या घेवड्याचं बी पाठवलं, बुकिंगवाल्यानं ६ च्या जागी ५ टाईप केला, आणि आठ दिवस ते बी विट्याच्या बाजूला फिरत बसलं. मृगातला वाफसा कुणासाठी आठ दिवस थांबतो?

तिसरी गोष्ट बियाण्याची. ही सगळ्यात महत्त्वाची आहे म्हणून नीट वाचा. बियाण्याचं पाकीट फुटकं किंवा उघडलेलं आलं तर ते पेरू नका, बी कितीही चांगलं दिसू द्या. उगवण झाली नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढं बिल, टॅग, पिशवी आणि थोडं शिल्लक बी दाखवावं लागतं. पाकीट वाटेत उघडलं असेल तर कंपनी म्हणणार बी आमचं नाही, आणि कुरिअरवाला म्हणणार उगवणीशी आमचा संबंध नाही. आणि न मागवलेलं बी आलं तर हातच लावू नका. २०२० साली अमेरिकेत घरोघरी न मागवलेल्या बियांची पाकिटं पोस्टानं आली होती. त्या ऑगस्टमध्ये आपल्या केंद्रीय कृषी खात्यानंही राज्यांना सावध केलं होतं. अशा बियांतून कुठलं तण, कुठला रोग शिवारात येईल सांगता येत नाही. सरळ कृषी सहायकाकडं द्यायचं.

आता पोचवणाऱ्या पोराबद्दल. फाट्यावर खोकं आणणारा तो पोरगा शेजारच्या गावचा, बारावी झालेला, स्वतःच्या गाडीत स्वतःच्या पैशानं पेट्रोल घालून फिरतो. पार्सलमागं ठरलेले पैसे मिळतात. खोकं त्याच्या हातात आलं तेव्हाच पांढरी पट्टी लागलेली होती. नाशिक ते तासगाव या वाटेत ते किती गोदामांत उतरलं, किती हातांतून गेलं, याची त्याला काय कल्पना? तरी फोनवरची माणसं मला पहिल्यांदा हेच विचारत होती, "डिलिव्हरी बॉयवर संशय आहे का?" मी नाही म्हणालो. साखळीत शेवटी उभा असलेला माणूस चोर धरायला सोपा असतो. हमीभावाच्या रांगेत आपण हेच भोगतो, मग दुसऱ्याला तसं का करायचं? आपलं गावातलं टपाल आणणारा ग्रामीण डाक सेवकही तसाच, थोड्या पगारात ऊन-पावसात फिरणारा. भांडण त्यांच्याशी नाही. भांडण त्या पद्धतीशी आहे, जिथं खोक्याचं वजन बुक करताना घेतात, कारण त्यावर भाडं ठरतं, पण हातात देताना कुणी घेत नाही.

माझी मागणी एवढीच आहे. तालुक्याच्या गोदामात पार्सल उतरलं की एकदा काट्यावर ठेवा आणि ते वजन बुकिंगच्या वजनाशेजारी पावतीवर लिहा. काटा तिथं असतोच. कारखान्यावर उसाची गाडी भरलेली मोजतात आणि रिकामी पण मोजतात. बेदाण्याच्या सौद्याला बॉक्स मोजल्याशिवाय कुणी हात लावत नाही. मग पार्सललाच दुसरं वजन का नको? माल कुठल्या टप्प्यावर कमी झाला ते त्याच दिवशी कळेल, आणि पोरांवरचा आळही जाईल.

तोवर आपण काय करायचं ते सांगतो.

बुकिंगच्या पावतीवर वजन आणि किंमत दोन्ही लिहून घ्या. खोक्यावर पिनकोड मोठ्या आकड्यात, आणि गावाच्या नावापुढं तालुका, जिल्हा. पार्सल आल्यावर आधी वजन, मग फोटो, मग शूटिंग चालू ठेवून उघडणे. कमी निघालं तर त्याच दिवशी लेखी तक्रार आणि तिची पोच. पोस्टाचा टोल फ्री नंबर १८०० २६६ ६८६८, ग्राहक हेल्पलाईन १९१५. दाद नाही मिळाली तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, साताऱ्यातही आणि सांगलीतही. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या कामाला तक्रारीची फी नाही.

आपण माल पाठवताना एक जुनी पद्धत पुन्हा धरा. पूर्वी पार्सल मांजरपाटात शिवून, शिवणीवर लाखेचा शिक्का मारून जायचं. त्याचा अर्थ असा होता की उघडणाऱ्याला उघडता येईल, पण लपवता येणार नाही. चिकटपट्टी कुणीही काढून दुसरी लावतो. मी आता बेदाण्याचं खोकं पोत्याच्या कापडात घालून दाभण-सुतळीनं शिवतो. पोती शिवायची सवय आपल्या हाताला आहेच. एका खोक्याला दहा मिनिटं जातात. तसं शिवायला लागल्यापासून ठाण्याच्या एका गिऱ्हाइकाचा पाच किलोचा बॉक्स, जो आधी एकदा सव्वाचार किलो भरला होता, तो प्रत्येक वेळी पुरा पाच भरलाय.

आणि हंगामाच्या तोंडावर लागणारे स्पेअर पाच-सहा जणांनी मिळून आधीच आणून ठेवावेत. आमच्या गावात यंदा आठ बागायतदारांनी वर्गणी काढून एकाच मॉडेलच्या ब्लोअरची दोन किट सोसायटीच्या कपाटात ठेवली आहेत. ज्याला लागेल त्यानं न्यायची, आणि नवी मागवून परत जागेवर ठेवायची. ती नवी पंधरा दिवस उशिरा आली तरी बाग अडत नाही.

तुमच्या गावात असं काही केलं असेल तर जरूर लिहा. उद्यापासून खरड छाटणीच्या नोंदी पुन्हा सुरू करतो.