आम्ही नाही का कॉन्व्हेंटात शिकलो?

हा प्रश्न मी आयर्लंडमध्ये इतक्या जणांच्या तोंडावर फेकलाय, की मंडळाच्या गणपतीत एखादं नवं जोडपं शाळेचा विषय काढू लागलं की नवरा माझ्याकडे बघून गालात हसतो. नव्या जोडप्याची काळजीही ठरलेली असते. पोरगं साडेचार वर्षांचं झालंय, घराजवळ शाळा एकच, तिच्या नावात ‘सेंट’ आहे, आणि तिथं म्हणे धर्म शिकवतात. मग मी पदर खोचून पुढे. अहो, पुण्यात आमचं सगळं शालेय शिक्षण नन्सच्या हाताखाली झालं. रोज सकाळी ‘अवर फादर’ म्हटलं, नाताळात गोठा सजवला, आणि संध्याकाळी घरी येऊन शुभंकरोतीही म्हटलं. काय बिघडलं आमचं?

हे भाषण ऐकून बरेच जण निर्धास्त होऊन घरी गेले. त्यांनी आता मला जाब विचारला तरी चालेल, कारण माझं मत बदललंय. धर्मांतराच्या भीतीनं बदललं असं कुणी समजू नये. ती भीती मला तेव्हाही नव्हती, आजही नाही. निमित्त झालं ते सत्र संपताना शाळेकडून येणाऱ्या पत्राचं.

ही पत्रं मला मनापासून आवडतात. आमच्या लहानपणी शाळेची सूचना म्हणजे फळ्यावरची ओळ किंवा डायरीतली तांबडी शाई. इथं जूनच्या शेवटच्या आठवड्यात प्रिन्सिपलबाईंचं लांबलचक पत्र येतं आणि त्यात अख्खी शाळा असते. शेवटच्या दिवशी शाळा दुपारी बाराला सुटेल, वेळेवर न्यायला या. हॉलमधल्या टेबलावर बेवारशी जॅकेटं, एकेकटे मोजे आणि डबे मांडले आहेत. शुक्रवारपर्यंत नेले नाहीत तर दान केले जातील. वाचनालयाची पुस्तकं परत करा. कुणाच्या तरी डोक्यात पुन्हा उवा सापडल्या आहेत, तेव्हा आज रात्री कंगवा फिरवा. स्पोर्ट्स डेला डोंगराएवढा केक करणाऱ्या पालकांचे आभार. अमुक टीचर निवृत्त होत आहेत, सिक्स्थ क्लासच्या निरोपाचा मास, म्हणजे चर्चमधली उपासना, अमुक दिवशी. सोबत प्रगतिपुस्तक. सेकंड क्लासला त्यात वाचनाचा आणि गणिताचा ‘स्टेन’ नावाचा आकडा असतो, एक ते दहामधला. आपल्या लोकांना तो दहापैकी मार्कांसारखा दिसतो. पाच म्हणजे सर्वसाधारण मूल, हे कुणीतरी समजावून सांगेपर्यंत निम्म्या मराठी घरांत त्या संध्याकाळी जेवण गोड लागत नाही.

लेक सेकंड क्लासमध्ये होती त्या वर्षीच्या पत्राचा पहिलाच परिच्छेद फर्स्ट होली कम्युनियनचा, म्हणजे कॅथलिक मुलं पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतात त्या संस्काराचा होता. मे महिन्यातला तो सुंदर शनिवार, पांढरे झगे, मुलांचं गाणं, टीचरची मेहनत; सेकंड क्लासच्या सर्व मुलांचं अभिनंदन. ‘सर्व’ लिहिताना बाईंच्या मनात काही नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगेन. प्रगतिपुस्तकात मात्र ‘धर्म’ या रकान्यासमोर आमच्या लेकीला ‘उत्तम सहभाग’ असा शेरा होता. जी मुलगी त्या विषयातून आमच्या लेखी विनंतीवरून बाहेर होती, तिला! बहुधा संगणकाच्या यादीतून निवडलेला शेरा असावा. मी आधी खूप हसले. मग लेकीला विचारलं, धर्माच्या तासाला तू नक्की काय करायचीस?

ती मागच्या टेबलावर बसायची. आधी रंगवायचे कागद मिळायचे. ते संपले की वर्गातल्या सगळ्या पेन्सिलींना टोक काढायचं काम तिच्याकडे. मेमध्ये दिवस जवळ आला तसा अर्ध्या तासाचा तास होऊ लागला आणि पेन्सिली कमी पडू लागल्या. गाण्याच्या सरावाला वर्ग रांगेनं चर्चमध्ये जायचा. हिला एकटीला शाळेत सांभाळायला कुणी मोकळं नसायचं, म्हणून हीही जायची आणि शेवटच्या बाकावर बसायची. सगळी गाणी पाठ झाली. हे सगळं तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. उलट टोक काढण्यातलं आपलं कसब तिनं मोठ्या अभिमानानं वर्णन केलं. वाईट मला वाटलं.

इथली व्यवस्था थोडी सांगायला हवी. आयर्लंडच्या प्राथमिक शाळांपैकी दहातल्या जवळजवळ नऊ कॅथलिक आहेत, पण त्या आपल्याकडच्या कॉन्व्हेंटासारख्या फी घेणाऱ्या खासगी शाळा नव्हेत. शिक्षकांचा पगार सरकार देतं, २०२३ पासून पुस्तकंही फुकट आहेत. शाळेचा ‘पेट्रन’, म्हणजे आश्रयदाता, मात्र तिथला बिशप. ‘एज्युकेट टुगेदर’सारख्या सर्वधर्मी शाळा १९७८ पासून आहेत, पण त्या गावोगावी नाहीत. पूर्वी जागा कमी असतील तर बाप्तिस्म्याचा दाखला असलेल्या मुलाला आधी घेत. २०१८ च्या कायद्यानं कॅथलिक प्राथमिक शाळांपुरतं ते बंद झालं. प्रवेशाचं दार उघडलं, आणि आमच्यासारखी मुलं आत आली. आत आल्यावर त्यांनी बसायचं कुठं, याबद्दल त्याच कायद्यात एक कलम आहे: धर्मशिक्षण नको असलेल्या मुलांसाठी काय सोय करणार ते शाळेनं प्रवेशधोरणात लिहावं, आणि त्यापायी मुलाचा शाळेचा दिवस छोटा करू नये. लिहिलेलं असतं. पण सोय करायला वेगळा शिक्षक लागतो, वेगळी खोली लागते, आणि ती कुणी दिलेली नाही.

कागदावर हा हक्क फार जुना आहे. १९३७ च्या आयरिश संविधानात कलम ४४ म्हणतं की, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणाला न बसता शिकण्याचा मुलाचा हक्क अबाधित राहील. आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना याच संविधानावरून घेतली. आपल्या कलम २८ मध्येही जवळपास असंच संरक्षण आहे. त्याहून गंमत म्हणजे १८३१ मध्ये इथल्या राष्ट्रीय शाळा सुरू झाल्या तेव्हा योजनाच अशी होती की, सगळ्या पंथांच्या मुलांनी लिहिणं-वाचणं एकत्र शिकावं आणि धर्म ज्याचा त्यानं वेगळा. पुढे सगळ्याच पंथांच्या चर्चनी आपापल्या शाळा घट्ट धरल्या आणि ती योजना नावापुरती उरली. धर्म हा शाळेतला सर्वांत महत्त्वाचा विषय, असं सांगणारा ६८ क्रमांकाचा नियम तर २०१६ मध्ये रद्द झाला. म्हणजे परवापरवापर्यंत होता.

हे सगळं वाचूनही माझा युक्तिवाद शाबूत होता. आम्ही नाही का शिकलो? तो मोडला माझ्या वसईच्या मैत्रिणीनं. ती कॅथलिक, चर्चला न चुकता जाणारी, तिचा मुलगा माझ्या लेकीच्याच वर्गात. तिचं माध्यमिक शिक्षण मुंबईच्या कॉन्व्हेंटात झालं. पेन्सिलींची गोष्ट सांगून मी माझं नेहमीचं पालुपद लावलं, तर ती म्हणाली, “अगं, पण तुमच्या शाळेत उठून कोण जायचं, आठव ना.”

आठवलं. मॉरल सायन्सचा तास असला की वर्गातल्या चार-पाच कॅथलिक मुली दप्तरातून वेगळं पुस्तक काढून कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला जायच्या. आम्ही बाकीच्या आपापल्या बाकांवर. वर्ग आमचा, संख्या आमची, आणि शाळेनं धडेही आमच्यासाठी असे निवडलेले की खरं बोलावं, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला मदत करावी, यापलीकडे त्यात काही टोचणार नाही. कॅथलिक शाळा चालवणाऱ्या नन्सनी बहुसंख्य हिंदू मुलींना त्यांच्या जागेवरून हलवलं नव्हतं. मी ज्या अनुभवाच्या जोरावर इथल्या लोकांना धीर देत होते तो माझा अनुभव बाकावर बसून राहिलेलीचा होता. उठून जाणारी ही होती.

मी विचारलं, तुला तेव्हा कसं वाटायचं गं? ती म्हणाली, “काही नाही वाटायचं. आम्हाला खोली होती, शिकवायला सिस्टर होत्या, पुस्तक होतं. तुझ्या पोरीला काय आहे? शार्पनर.”

त्यानंतर तिनं जे सांगितलं ते मला जास्त अनपेक्षित होतं. या सगळ्यात खरं नुकसान आमच्या मुलांचं होतंय, तुमच्या नव्हे, असं तिचं म्हणणं. वसईत कम्युनियनची तयारी म्हणजे रविवारचा मास आणि त्याला जोडून पॅरिशमधला धर्मशिक्षणाचा वर्ग. शिकवणारी बाई गावातलीच, आईला ओळखणारी, आणि दांडी मारली की आजीपर्यंत बातमी. इथं सगळं शाळा करते. वर्गातल्या टीचरची स्वतःची श्रद्धा असो नसो, प्रार्थना तिनं पाठ करून घ्यायच्या, कबुलीला तिनं न्यायचं, रांगा तिनं लावायच्या. आईबाप त्या शनिवारी येतात, अंगणात हवेचा किल्ला उभा राहतो, पाकिटं जमतात, आणि त्यातली कितीतरी घरं चर्चमध्ये पुन्हा दिसतात ती मूल सिक्स्थ क्लासमध्ये कन्फर्मेशनच्या संस्काराला आल्यावर. महिन्यातून एकदा त्या मुलांसाठी खास मास असायचा, त्याला हिचं कुटुंब आणि आणखी मोजकी घरं. २०१६ च्या जनगणनेत इथले ७९ टक्के लोक कॅथलिक होते, २०२२ मध्ये ६९. तिला या आकड्यांचं दुःख आहे, मला नाही. पण शाळेनं ठेका घेतल्यामुळे घर आणि पॅरिश दोघंही सुटले, हे तिचं निदान मला पटलं. डब्लिनचे माजी आर्चबिशप डायर्मुइड मार्टिन यांनीही या तयारीत पॅरिशचा वाटा वाढायला हवा असं म्हटलं होतं, म्हणजे ही काही चर्चच्या शत्रूंची मागणी नाही.

तेव्हा आता माझं मत असं आहे. संस्काराची तयारी शाळेच्या वेळेत नको. ती पॅरिशनं करावी, ज्यांना हवी त्यांच्यासाठी, आणि नीट करावी. बाकीचं राहिलं तरी मला चालेल. हे ऐकून माझे काही निधर्मी मित्र नाराज होतात. त्यांना सकाळची प्रार्थनाही नको आणि भिंतीवरचा क्रूसही नको. माझी तिथवर तयारी नाही. ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात ‘त्रोकरा’ या मदतसंस्थेचा पुठ्ठ्याचा डबा घरी येतो, मुलं त्यात चिल्लर टाकतात आणि ईस्टरनंतर तो शाळेत परत जातो. आमच्या देवघराशेजारी तो कित्येक आठवडे असतो आणि लेक त्यात खाऊचे पैसे टाकते. जानेवारीच्या अखेरीस कॅथलिक शाळांचा सप्ताह असतो, त्यात आजी-आजोबांना बोलावतात. एका वर्षी माझी आई इथं होती. नऊवारीवर माझा जाडजूड कोट चढवून ती गेली, चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसली, आणि चहाच्या वेळी प्रिन्सिपलबाईंना तिनं हातवारे करत आपली शाळा सांगितली. या गोष्टींत कुणाला मागच्या टेबलावर जावं लागत नाही. तेवढाच माझा निकष आहे, आणि तो ढोबळ आहे हे मला ठाऊक आहे. सिक्स्थ क्लासच्या निरोपाचा मास त्यात बसतो की नाही, यावर मैत्रिणीशी अजून वाद चालू आहे.

सुट्टी लागण्याआधी मी प्रिन्सिपलबाईंना भेटले. शेऱ्याबद्दल त्या ओशाळल्या, पेन्सिलींबद्दल जास्तच. बाकीचं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, तुम्ही म्हणता ते माझ्या निम्म्या शिक्षकांनाही हवंय. टीचरला तो वेळ गणिताला मिळाला तर तिला आनंदच होईल. पण निर्णय बोर्डाचा आणि पेट्रनचा. आणि समजा दिलं पॅरिशकडे, तर करणार कोण? फादर एकटे, सत्तरीच्या पुढचे, आणि त्यांच्याकडे तीन चर्च. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एखादी गोष्ट शाळेत असू नये म्हणणं सोपं असतं. ती जिथं असायला हवी तिथं माणूसच नसेल तर शाळेतले लोक ती बिचारे वर्षानुवर्षं रेटत राहतात.

मैत्रिणीला हे सांगितलं, तर तिनं रविवारी मासनंतर फादरना गाठलं. वसईत तिची आई आणि मावशी दोघी हेच करायच्या, तेव्हा शिकवायला मी तयार आहे, म्हणाली. फादरना आनंद झाला. त्यांनी शनिवारी सकाळी दहाची वेळ दिली, हॉलची किल्लीही देतो म्हणाले. पुढच्या वर्षी सेकंड क्लासला जाणाऱ्या मुलांच्या पालकांना तिनं फोन केले. सगळ्यांना कल्पना फार आवडली. शनिवारी सकाळी मात्र कुणाचं फुटबॉल आहे, कुणाचं पोहणं. अजून एकाही मुलाचं नाव आलेलं नाही.