चौदा जणांची खोपोली

दर वर्षी डिसेंबर उजाडला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. रक्तदाब तपासून झालेला असतो, औषधांची चिठ्ठी लिहून झालेली असते आणि उठता उठता मुलगा किंवा सून विचारते, "डॉक्टर, पोरं इमॅजिकाला जायचं म्हणतायत. आईंना न्यायचं की घरीच ठेवायचं?" आई त्या वेळी शेजारच्याच खुर्चीत बसलेल्या असतात. त्यांना कोणी काही विचारलेले नसते.

अनेक वर्षे मी या प्रश्नाला गुडघे, हृदय आणि साखर यांच्याकडे पाहून उत्तर देत आलो. दोन वर्षांपूर्वी तोच प्रश्न माझ्या घरात उभा राहिला, तेव्हा मला माझे उत्तर अपुरे वाटले.

आमचे घर थोडे वेगळे आहे. माझी पहिली पत्नी नऊ वर्षांपूर्वी गेली. पाच वर्षांपूर्वी मी पुनर्विवाह केला. माझी आताची पत्नीही विधवा होती. तिची एक मुलगी आणि एक मुलगा, माझी एक मुलगी आणि एक मुलगा. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आमच्याजवळ राहतात. पत्नीची आई आमच्या शेजारच्या इमारतीत राहते. याशिवाय आणखी दोघे आहेत. माझ्या दिवंगत पत्नीच्या आई, म्हणजे माई, वय ७८. आणि माझ्या पत्नीच्या पहिल्या यजमानांचे वडील, म्हणजे मुलांचे आबा, वय ८०. अण्णा आणि माई हे व्याही-विहीण, हे सांगता येते. पण माई आणि आबा एकमेकांचे कोण? मराठीत नात्यांना इतके शब्द आहेत, तरी या नात्याला शब्द नाही.

मुलांनी ठरवले की सगळ्यांनी मिळून जायचे. थोरली मुलगी, जावई, पाच वर्षांची नात, माझी बहीण आणि तिचे यजमान धरून चौदा माणसे झाली. माईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "माझे गुडघे कुठे चालतायत? तुम्ही तुमचं कुटुंब घेऊन जा." मी डॉक्टर असल्यामुळे त्या वाक्याचा पहिला अर्धाच भाग ऐकला. गुडघ्यांसाठी पट्टा, काठी, व्हीलचेअर असे पर्याय सांगू लागलो. पत्नीने मात्र दुसरा अर्धा भाग ऐकला होता. ती दुसऱ्या दिवशी नारायण पेठेत माईंच्या घरी गेली. येता का, असे तिने विचारलेच नाही. "माई, गाडीत तुमच्या शेजारी कोण बसवू?" एवढेच विचारले. माई जरा वेळाने म्हणाल्या, "कोणीही चालेल. मला खिडकी मात्र हवी."

वाचकहो, ज्येष्ठांच्या दुखण्यावर अविश्वास दाखवा असे मी मुळीच म्हणत नाही. गुडघे खरोखर दुखतात. पण 'मला जमणार नाही' या उत्तरामागे कधी कधी 'तिथे माझी जागा कोणती?' हा प्रश्न असतो, आणि जिथे दोन घरे एक झाली आहेत तिथे तो अधिकच असतो. सहलीची आखणी करताना दोन्हींची सोय पाहावी लागते.

आता त्या जागेविषयी. पुण्याहून द्रुतगती महामार्गाने निघाले की बोरघाट उतरून आपण खोपोलीला येतो. खोपोली-पाली रस्त्यावर, सह्याद्रीच्या पायथ्याशी, २०१३ साली हे उद्यान सुरू झाले. पायथा असल्यामुळे हवा कोकणातली. मे महिन्यात तेथील दमट उकाडा ज्येष्ठांना सोसणारा नाही, पावसाळ्यात फरशी निसरडी होते. डिसेंबर-जानेवारी उत्तम, पण नाताळचा आठवडा टाळून. आम्ही जानेवारीतला मंगळवार निवडला. धाकट्याची एक दिवसाची शाळा बुडाली. रांगेत उभे राहण्याचे अर्धे कष्ट वाचले, हे मी त्याच्या वर्गशिक्षिकांना सांगितले नाही.

दुसरा निर्णय मुक्कामाचा. एका दिवसात जाऊन-येऊन करणे तरुणांना जमते. ऐंशीच्या घरातल्या माणसाला सकाळचा घाट, दिवसभराचे चालणे आणि रात्रीचा घाट हे तिन्ही एका दिवसात देऊ नये. आम्ही उद्यानाला लागून असलेल्या हॉटेलात एक रात्र राहिलो. खर्च वाढला, पण दुपारी दोन वाजता अण्णा खोलीवर जाऊन पंखा लावून झोपले, त्यापुढे तो खर्च मला काहीच वाटला नाही.

आठवडाभर आधी मी एक मोठा तक्ता केला. प्रत्येकाचे नाव, आजार, औषधे, वेळा, रक्तगट, कोणाशी संपर्क करायचा. तक्ता करताना दोन गोष्टी उघड झाल्या. अण्णांचे हृदय अशक्त आहे, त्यामुळे ते सकाळी लघवी वाढवणारी गोळी घेतात. प्रवासाच्या दिवशी ती गोळी घ्यायची नाही आणि पाणीही प्यायचे नाही, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. वाटेत गाडी थांबवायला सांगण्याची त्यांना लाज वाटत होती. ही लाज मी शेकडो रुग्णांत पाहिली आहे. घरातच ती असेल हे मात्र लक्षात आले नव्हते. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ती गोळी त्या दिवसापुरती दुपारवर नेली. आपल्या घरीही असे कोणी असेल तर गोळी परस्पर बंद करू देऊ नका. वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारा. आणि गाडी दर दीड तासाने थांबेल, असे आधीच सर्वांसमोर जाहीर करा. मग ती विनंती कोणा एकाला करावी लागत नाही.

दुसरी गोष्ट पत्नीच्या आईची. त्यांना अलीकडे विसर पडू लागला आहे. गर्दी, अंधार आणि मोठा आवाज यांत अशी माणसे चटकन गोंधळतात. त्यांच्याबरोबर सतत कोणीतरी हवे, पण ते एकच माणूस नको. नाहीतर सहल इतरांची आणि राखण एकाची, असे होते. आम्ही तासातासाच्या पाळ्या लावल्या. त्यांच्या पर्समध्ये नाव आणि दोन मोबाइल क्रमांक लिहिलेले कार्ड ठेवले, आणि निघताना त्या दिवशीच्या साडीत त्यांचा फोटो काढून सर्वांच्या मोबाइलवर पाठवला. कोणी हरवले तर साडीचा रंग आठवण्यात वेळ जात नाही.

तक्ता पाहून मला स्वतःचे कौतुक वाटले होते, हे कबूल करतो. चूक त्यातच होती.

उद्यानात जाण्यापूर्वी महडला वरदविनायकाचे दर्शन घ्यायचे, अशी माईंची इच्छा. अष्टविनायकांपैकी हे स्थान खोपोलीच्या अगदी जवळ आहे. साडेसहाला निघायचे, आठपर्यंत दर्शन, मग नाश्ता, असे ठरले. माई रोज सकाळी नाश्त्याआधी मिश्र इन्सुलिन टोचून घेतात. माझ्या तक्त्यात 'सकाळचे इन्सुलिन' असा रकाना होता. त्यांनी तो पाळला आणि सव्वासहाला घरीच टोचून घेतले. त्यानंतर अर्ध्या तासात खायचे, असा रकाना मी केलाच नव्हता. आणि दर्शनाआधी खायचे नाही, हे माईंनी कोणाला सांगितले नव्हते.

घाटात वाहतूक खोळंबली. पाऊण तास गाडी जागची हलली नाही. समोर नागफणीचे टोक उन्हात आलेले, मुले फोटो काढण्यात गर्क. आबा वीज मंडळातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली सोडून खोपोलीला १९१५ पासून वीज कशी तयार होते, हे ते नातीला समजावत होते. मी मागच्या बाकावर होतो. माईंच्या शेजारी पत्नीचा बारा वर्षांचा मुलगा बसला होता. तोपर्यंत त्याने माईंना कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती. 'अहो' म्हणून वाक्य सुरू करायचा. तो एकाएकी मागे वळून म्हणाला, "बाबा, यांना खूप घाम आलाय. आणि त्यांनी मला दोनदा विचारलं की शाळा कुठली म्हणून."

जानेवारीच्या सकाळी घाम, आणि तोच प्रश्न पुन्हा. मी पुढे जाऊन साखर तपासली : ५४. ग्लुकोजची पुडी माझ्या औषधांच्या बॅगेत होती आणि ती बॅग होती सगळ्या सामानाच्या तळाशी. मुलाने स्वतःच्या दप्तरातून आंब्याच्या पेयाचे छोटे खोके काढले आणि नळी लावून माईंच्या हातात दिले. पंधरा मिनिटांनी साखर ८३ झाली. मग त्यांना बिस्किटे आणि पराठा दिला. माई म्हणाल्या, "दर्शनाच्या आधी खाल्लं." मी काही बोललो नाही. तीस वर्षे व्यवसाय करणाऱ्या माणसाने त्या क्षणी बोलण्यासारखे काही नव्हते.

म्हणून आपल्याला नेमकेपणाने सांगतो. प्रवासात नाश्त्या-जेवणाआधीचे इन्सुलिन, खाणे प्रत्यक्ष समोर आल्याशिवाय टोचू नये. रात्री घेतल्या जाणाऱ्या दीर्घ परिणामाच्या इन्सुलिनची गोष्ट निराळी. त्याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, विनाकारण चिडचिड किंवा अचानक गप्प होणे दिसले की साखर तपासावी. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग पोटभरीचे खाणे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. चॉकलेट उपयोगाचे नाही, त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. आणि ग्लुकोज डॉक्टरच्या बॅगेत नव्हे, रुग्णाच्या शेजाऱ्याच्या खिशात असावे. इन्सुलिन उभ्या गाडीत उन्हात राहू देऊ नये, हेही येथेच सांगून टाकतो.

महड दुसऱ्या दिवसावर ढकलून आम्ही सरळ उद्यानात गेलो.

आत शिरल्यावर पहिले काम म्हणजे प्रथमोपचार केंद्र कुठे आहे ते पाहणे. दुसरे, सावली, स्वच्छतागृह आणि चहा जवळजवळ मिळतील असे एक ठिकाण निवडून तो आपला तळ करणे. चौदा जणांनी दिवसभर एकत्र हिंडायचे असा हट्ट धरू नये. आम्ही साडेबाराला जेवायला आणि साडेचारला चहाला भेटायचे ठरवले होते. मधल्या वेळात ज्याचे त्याचे घड्याळ. अशा उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ सहसा नेऊ देत नाहीत, तेव्हा मधुमेह्यासाठी काय चालेल आणि व्हीलचेअर मिळेल का, हे आधी फोन करून विचारावे. आम्ही व्हीलचेअर घरूनच नेली होती. माई आधी तीत बसेनात. आबा आपणहून बसले आणि म्हणाले, "मी तासभर वापरतो, मग तुम्ही." त्यांना तिची काहीच गरज नव्हती.

प्रत्येक राइडच्या तोंडाशी सूचनाफलक असतो, तो सगळा वाचावा. हृदयविकार, न आवरलेला रक्तदाब, मान-पाठीची दुखणी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण असेल तर उलटेसुलटे फिरवणाऱ्या किंवा झटके देणाऱ्या राइडकडे वळूच नये. थोरलीने नातीला फिरत्या घोड्यांवर बसवले. राजासौरस या नावाचा डायनोसॉर नर्मदेच्या खोऱ्यात सापडला होता. त्याच्या नावाच्या जलसफरीत जावईबापू नखशिखांत भिजले. धाकट्याला 'नायट्रो'वर जायचे होते. उंचीत तो बसत होता. पण आबांचा चेहरा उतरला. ज्या घराने एक तरुण माणूस गमावला आहे, तेथील भीतीला वैद्यकशास्त्रात औषध नाही. हा निर्णय त्याच्या आईचा, असे आम्ही घरीच ठरवले होते, त्यामुळे रांगेत वाद झाला नाही. तिने हो म्हटले. माझा मुलगा त्याच्या शेजारी बसला. ते खाली येईपर्यंत आबा आणि माई एका बाकावर बसून वर पाहत होते. काय बोलत होते ते मला ऐकू आले नाही.

'आय फॉर इंडिया'मध्ये खुर्चीत बसून, पाय अधांतरी ठेवून, पडद्यावर देशभर उडता येते. अण्णांची प्रकृती पाहता मी साशंक होतो, पण फलक वाचून आणि तेथील कर्मचाऱ्याशी बोलून त्यांना नेले. ते बाहेर आले आणि म्हणाले, "तुझ्या आईला हे दाखवायला हवं होतं." पत्नीच्या आई मात्र अंधार पाहून दारातूनच परतल्या. त्या वेळी माझ्या बहिणीची पाळी होती. दोघींनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात उपमा समोर आला, तेव्हाच माईंनी इन्सुलिन टोचले. दोन घास झाल्यावर त्यांनीच माझ्याकडे पाहून मान हलवली. मग महड. १७२५ साली बांधलेले हे मंदिर लहानसे आहे. आतला नंदादीप १८९२ पासून तेवत असल्याचे सांगतात. मंगळवारची गर्दी ओसरली होती, तरी रांग होतीच. बाहेर चप्पल काढायला माईंना वाकता येईना. धाकटा शेजारच्या फुलवाल्याकडे गेला.

"काका, जरा स्टूल देता का? माझ्या आजीला खाली वाकता येत नाही."

फुलवाल्याने स्टूल दिले. माई बसल्या, आणि त्याने त्यांच्या चपलेचा पट्टा सोडला.